कारभारीच्या गाठीचा निकाल

कारभारीने आयुष्यात सगळ्या गोष्टींचे दोनच भाग केले, पास आणि नापास. सासुरवाडीचं जेवण नापास. चिखलीच्या बाजारातली हिरवी मिरची पास. थोरल्या साडूचं बोलणं नापास, पण त्याचे बैल पास. लग्नानंतर त्याने पहिल्यांदा कोकिळेच्या हातची कढी चाखून ‘पास’ म्हटलं, तेव्हा तिला वाटलं, माणूस हातचं राखून बोलतोय. पुढे कळलं की त्याच्याजवळ कौतुकाचा शब्द तेवढाच होता.

ही सवय त्याला धंद्याने लावली. चिखलीहून देऊळगावराजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांचं गाव आहे. तिथे घरटी एक शेडनेट आहे आणि त्या हिरव्या जाळीखाली कंपन्यांसाठी टोमॅटोचं, मिरचीचं बियाणं तयार होतं. दुपारनंतर बायका चिमट्याने कळी उघडून तिच्यातला नर काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग बोटाने तिला लावतात. बियाणं निघालं की कंपनीचा माणूस त्यातलं मूठभर घेऊन जातो. ते दूर कुठेतरी पेरतात, झाडं मोठी करतात, फळ धरेपर्यंत बघतात. त्यात शंभरामागे चार झाडं परकी निघाली की इकडे घरात पडलेला सगळा लॉट नापास. या परीक्षेला गावात जीओटी म्हणतात. नापास लॉटापायी बाया रडायच्या. कारभारी रडत नसे. एका वर्षी जाळी फाटून बाहेरचा पराग आत आला आणि त्याचा अख्खा लॉट गेला, तेव्हा तो स्वतः पोती खड्ड्यात रिकामी करून आला, हात धुतले आणि जेवायला बसला. नापास झालेल्यावर एक दिवसही घालवायचा नाही, असा त्याचा नेम होता.

तर अशा माणसाच्या डोक्यात गाठ निघाली.

आधी तो एकाच फुलाला पुन्हा पुन्हा पराग लावताना दिसला. कोकिळेने हटकलं तर चिडला. मग चिखलीच्या बस स्टँडवर त्याला झटका आला. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ जेवढी निघण्यासारखी होती तेवढी काढली. भागवत मॅडम नावाच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की गाठीचा एक तुकडा जीनच्या तपासणीला पाठवलाय. त्यावरून ही गाठ पुढे कशी वागेल आणि अशा पेशंटना साधारण किती आयुष्य मिळतं, त्याचा अंदाज येतो.

डोक्याला पट्टी बांधलेला कारभारी उशीवरून उठून बसला. “म्हंजे जीओटी लावली माह्यी,” तो म्हणाला. दवाखान्यात त्याला समजलेली ती पहिली गोष्ट होती.

गावात आल्यावर त्याने सगळ्यांना तसंच सांगितलं आणि गावाला ते लगेच पटलं, हीच पंचाईत. पारावर लोक विचारू लागले, “काऊन बे कारभारी, रिझल आला का?” त्याची थोरली बहीण सिंधूताई भेटायला आली. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, “एवढुश्या तुकड्यावरून माणसाचं समजते?”

“मूठभर बियावरून लॉटाचं समजते ना?”

“लॉटाले बायको नसते,” सिंधूताई कोकिळेकडे बघत म्हणाली.

निकाल आला. मॅडमनी दोघांना समोर बसवलं. कारभारीने टोपी मांडीवर काढून ठेवली.

“पास का नापास, तेवढं सांगा.”

“हा तसा निकाल नसतो, काका.”

“मंग कसा असते? दोन गट करता ना तुम्ही? मी कोन्या गटात?”

मॅडमनी कागद दोघांपुढे सरकवला. “धोका जास्त असलेल्या.”

कारभारीने टोपी घातली. “झालं मंग,” असं म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला. सोमवारपासून किरणांचा शेक आणि कॅप्सूल सुरू करायच्या होत्या. मॅडम त्याबद्दल बोलत होत्या, पण ते ऐकायला खुर्चीत कोकिळा एकटी होती.

तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही पाह्यता तरी काय त्या तुकड्यात?”

मॅडमनी तिच्या हाताकडे पाहिलं. टोमॅटोच्या पानाने बोटं हिरवी-काळी झाली होती. “तुमचं टोमॅटोचं झाड एकाच बीपासून येतं. त्याच्या मुळांत जे जीन, तेच पानात, तेच फुलात. बरोबर? मग मूळ हे मूळच का होतं? ते फूल का होत नाही?”

कोकिळेने हा प्रश्न आयुष्यात कधी ऐकला नव्हता. लग्न झाल्यापासून ती कळ्या उघडत आली होती.

“सगळे जीन सगळीकडे असतात,” मॅडम म्हणाल्या. “पण मुळात काही बोलतात, बाकीचे गप्प बसतात. फुलात दुसरेच बोलतात. माणसाच्या अंगातही तसंच. काकांच्या गाठीत कोण बोलतंय, किती मोठ्याने बोलतंय, ते यंत्र मोजतं. आधी शेकडो पेशंटच्या गाठी अशा मोजल्या, मग ते पेशंट किती जगले ते बघितलं. तेव्हा कळलं की अमुक काही जीन एकदम मोठ्याने बोलायला लागले की बहुतेक माणसं लवकर जातात.”

“बहुतेक.”

“बहुतेक. सगळी नाही. तो निकाल गटाचा आहे. त्यातल्या एकट्या काकांचं काय होईल ते मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही.”

“ती माणसं...” कोकिळा अडखळली. “ज्याइच्या गाठी मोजल्या. ती औषध घ्यायची का?”

“सगळी. उपचार घेतलेलीच माणसं होती ती.”

परत येताना जीपमध्ये कारभारी खिडकीला डोकं लावून झोपला. कोकिळा त्याच्या कानामागच्या टाक्यांकडे बघत राहिली. या कवटीच्या आत आत्ता, जीप खड्ड्यातून जात असताना, काहीतरी बोलत होतं. त्याला तोंड नव्हतं, आवाज नव्हता, तरी कुठल्याशा शहरातल्या यंत्राने ते ऐकलं होतं. तिला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण भीतीच्या वर आणखी काहीतरी होतं, देवळाच्या गाभाऱ्यात अंधाराला डोळे सरावत जातात तेव्हा वाटतं तसं.

घरी तिने मेथी निवडायला घेतली. एका हातात मुळं, एका हातात पानं. पांढरं, केसाळ, मातीने भरलेलं मूळ आणि वर हिरवंगार पान. दोघांत एकच बी. तिने मूळ जिभेला लावून पाहिलं, पान चावून पाहिलं. काजल, तिची लेक, दारातून बघत होती.

“आई, कच्ची मेथी काऊन खाऊन राह्यली?”

“उगाच. पाह्यते.”

“काय पाह्यतं?”

“हे सगळं असं बोलून राह्यलं, अन् आपल्याले पत्ताच नाई,” कोकिळा म्हणाली. काजलला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. ती आत निघून गेली.

रविवारी कारभारी शेडनेटमध्ये उकिडवा बसला होता. सोमवारी दवाखान्यात जायचं नाही, हे त्याने सांगून टाकलं होतं. नापास लॉटाला पाणी देणारा माणूस त्याला येडा वाटायचा आणि येडं व्हायची त्याची तयारी नव्हती. कोकिळा दोन सऱ्या ओलांडून त्याच्याजवळ आली.

“एक सांगा,” ती म्हणाली. “आपला लॉट गेला, त्या साली. त्यात खोटी झाडं किती होती?”

“शंभरात पाच-सहा.”

“म्हंजे बाकीची खरी होती.”

“खरी असून काय उपयोग? लॉट त गेला.”

“लॉट गेला, वो. झाड नाई गेलं. तुम्ही लॉट आहा का झाड आहा?”

कारभारीने मान वर केली.

“रोपात उभं राहून सांगता येते का तुमाले, हे खरं, हे खोटं?”

“फळ धरल्याशिवाय नाई येत.”

“मॅडमले बी नाई येत. त्याइनं तेच सांगतलं.”

“तिथं उलटं हाय, कोकिळे,” तो हळू म्हणाला. “आपल्यात नव्वदच्या वर खरी. तिथं किती?”

“थोडीच.” तिने खोटं सांगितलं नाही. “थोडी हायेत. पण ज्या माणसाइवरून तुमचा निकाल लागला ना, त्याइनं सगळ्याइनं शेक घेतला, गोळ्या खाल्ल्या. तुम्ही काहीच न करता त्याइचा निकाल आपल्या अंगाले लावून बसले. हे कोन्या कंपनीत चालते?”

पुढची सरी संपेपर्यंत तो काडीने मातीत रेघा ओढत हिशेब करत राहिला. ती कळ्या उघडत राहिली.

“गेली असतील ना ती माणसं?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“पुष्कळ गेली.”

“मरता मरता आपली गाठ देऊन गेली. कोन होती कोनास ठाऊक.” त्याने मातीतून एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडलं. “एवढ्या जणाइनं माह्यं आधीच पेरून पाह्यलं.”

हे तिला सुचलं नव्हतं. ती चिमटा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस आयुष्यभर नमुना दुसरीकडे पाठवत आला. नमुन्याच्या झाडांचं पुढे काय होतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही नव्हतं.

सोमवारी पहाटेची एसटी त्यांनी धरली. सिंधूताईने गाडी करून देते म्हटलं, ते त्याने उडवून लावलं. दवाखान्यात डोकं हलू नये म्हणून त्याला आडवं करून चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी बसवली. मॅडम एक कागद घेऊन आल्या. गाठीचा उरलेला तुकडा पुढच्या अभ्यासासाठी ठेवायला त्यांना परवानगी हवी होती.

कारभारी जाळीतून म्हणाला, “म्हंजे आता मी सँपल.”

“तसं म्हणा.”

“ठेवा. पण सँपलच्या झाडाची लय निगा ठेवा लागते, मॅडम. आमच्यात एकही पाणी चुकवत नाई.”

“तुम्ही एकही दिवस चुकवू नका, मग आम्हीही चुकवत नाही,” मॅडम म्हणाल्या.

त्याने पडल्या पडल्याच कागदावर सही केली. जाड दार सावकाश बंद झालं. बाहेरच्या छोट्या पडद्यावर तो आडवा पडलेला दिसत होता, अगदी स्थिर, मोजे घातलेले पाय एकावर एक ठेवून. यंत्र त्याच्या डोक्याभोवती फिरू लागलं. आवाज आला नाही, उजेड दिसला नाही. कोकिळेने कुणी न सांगता चप्पल काढली आणि अनवाणी उभी राहून बघू लागली.