मुरलेली भुकटी

कवळी गुळगुळीत झाली की नाही हे डोळ्यांना विचारायचं नसतं, असं पॉलिशबाई म्हणायच्या. डोळे दिव्याला भुलतात. विचारायचं अंगठ्याला. मोटर बंद करायची, कवळी पाण्यातून काढायची, डोळे मिटायचे आणि कडेकडेने अंगठा सावकाश फिरवायचा. केसाएवढा ओरखडा असला तरी बाईंचा अंगठा तिथे अडायचा आणि कवळी पुन्हा चाकावर चढायची. बाहेर माणूस खोळंबलेला असो नाहीतर दवाखान्यातून चौथा फोन आलेला असो, बाईंना त्याचं काही नसे. मोडेन पण वाकणार नाही असा स्वभाव, त्यात हात सोन्याचा, त्यामुळे मालकही त्यांच्या वाटेला जात नसत.

दातांची लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. पहिलीत दवाखान्यांतून साचे यायचे, दुसरीत प्लॅस्टर, तिसरीत भट्टी आणि कॅपवर रंग चढवणारी माणसं. शेवटची, संडासाला लागून असलेली खोली बाईंची. तिथला पंखा आवाज भरपूर करायचा, पण हवा काही बाहेर टाकायचा नाही. मोटरच्या एका टोकाला ब्रशचं चाक, दुसऱ्या टोकाला कापडाचं, आणि खाली पसरट ताटात प्युमिस या घासायच्या दगडाची ओली भुकटी, करड्या चिखलासारखी. चाक फिरलं की या चिखलाचे बारीक शिंतोडे उडत. बाईंच्या एप्रनवर, चष्म्यावर, ओठांवर. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या भुवया करड्या झालेल्या असत आणि मग रात्रभर खोकला. "धूळ आहे, दुसरं काय," एवढंच त्या म्हणत.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. बाईंनी दुसऱ्यांचे दात घासून सव्वीस वर्षं घर चालवलं, मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं. आल्या होत्या साचे धुवायला. तेव्हा पॉलिशच्या खोलीत एक म्हातारे कारागीर बसत. त्यांनी बाईंना हाताशी घेतलं आणि जाताना ताट त्यांच्या स्वाधीन केलं.

"नवी भुकटी करकरीत असते, ओरखडे काढते," ते म्हणाले होते. "घासून घासून तिचे दाणे मोडले की ती लोण्यासारखी होते. हिला पुरती कधी फेकू नकोस. कमी झाली की नवी घाल, पण जुनी मूठभर ठेव. विरजणासारखी."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. मुरलेल्या भुकटीवर खरंच चकाकी वेगळी यायची. पण त्या ताटावर कोऱ्या कवळ्याच येत होत्या असं नाही. मोडलेल्या, सैल झालेल्या, डाग पडलेल्या कवळ्याही यायच्या, थेट कुणाच्या तरी तोंडातून निघालेल्या, कागदात गुंडाळलेल्या, कधी कधी अजून ओल्या. कुणाचे तोंडाचे आजार, कुणाच्या छातीचे. सगळ्या त्याच ताटावर घासल्या जात आणि तिथेच नव्या कवळ्यांनाही झळाळी चढे. सुट्टीनंतर झाकण काढलं की कोंदट कपड्यासारखा वास यायचा. बाईंनी त्यावर उपाय काढला होता. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकायच्या आणि म्हणायच्या, "दवाखान्याचा वास येतो. म्हणजे स्वच्छच की!"

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये एक नवीन टेक्निशियन आली. भिंतीवर तिने आपला डिप्लोमा टांगला, म्हणून बाईंनी तिचं नाव डिप्लोमावाली ठेवलं. ती दुसऱ्याच दिवशी पॉलिशच्या खोलीत येऊन ताटावर वाकली आणि नाक दाबून मागे झाली.

"बाई, ही भुकटी कधी बदलली?"

"बदलायची कशाला? मुरलीये ती."

"अहो, याला मुरणं नाही म्हणत, सडणं म्हणतात. आजाऱ्याची कवळी यात घासता आणि मग दुसऱ्याची त्यातच. ही रोज टाकून द्यायला पाहिजे. आणि आलेली कवळी आधी औषधाच्या पाण्यात बुडवायची."

"चोवीस वर्षांत माझ्या हातून कुणी मेलं नाही गं."

"मेलं तर तुम्हाला सांगायला कोण येणार आहे, बाई?"

बाईंना हे फार लागलं. लागायचंच, कारण खरं होतं. त्या आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मालकांनी मात्र नव्या भुकटीची पोती आणवली, औषधाच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि रोज ताट धुवायचं फर्मान काढलं. बाईंनी मान डोलावली. ताट रोज लखलखीत होऊ लागलं. जुनी भुकटी मात्र त्यांनी झाकणाच्या डब्यात भरून मोटरखाली सरकवून ठेवली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. किरकोळ कामाला नवी. मनासारखं काम असलं की दार लोटून डबा बाहेर.

बाईंचे यजमान शिंपी होते. गडी मोठा गमत्या. घरातही बायकोला "पॉलिशबाई" म्हणूनच हाक मारायचे. गेल्या वर्षी त्यांच्या रक्तात काहीतरी बिघाड निघाला आणि दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी बाईंना समोर बसवून सांगितलं होतं, "इंजेक्शननंतर आठ-दहा दिवस यांच्या अंगात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. तुम्हाआम्हाला जे साधं, ते यांना जिवावरचं. जपा."

बाईंनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. पाणी वीस मिनिटं उकळायचं. दाराच्या कड्या पुसायच्या. शिंकणारा पाहुणा उंबऱ्यावरूनच परत. एकदा सख्ख्या नणंदेला त्यांनी जिन्यातून माघारी पाठवलं, ती अजून रुसलेली आहे. यजमान हसायचे. "अगं, मला काचेच्या कपाटात ठेव. वरून पॉलिशही मार."

आता माणूस आजारी असला तरी हात कुठे स्वस्थ बसतात? बसल्या बसल्या ते नातवाचा सदरा उसवून पुन्हा शिवत होते. शिंप्याची जन्माची खोड, दोरा दाताने तोडायची. दात स्वतःचे राहिले नाहीत हे त्या खोडीला कोण सांगणार! कट् झालं आणि वरची कवळी मधोमध मोडली. तोंडाचं बोळकं करून ते बायकोकडे बघत राहिले आणि दोघं पोट धरधरून हसली. त्या घरात इतकं मोकळं हसणं नंतर झालं नाही.

इंजेक्शनचा दिवस चारच दिवसांवर होता. बाई कवळी लॅबमध्ये घेऊन गेल्या. डिप्लोमावालीने तुकडे जोडून दिले आणि बजावलं, "पॉलिशआधी औषधात बुडवा, बाई. नंतरही." बाई हो म्हणाल्या. पण घरचीच तर कवळी, तिला कसली आलीये औषधं! परक्यांच्या तोंडासाठी जो डबा त्या बाहेर काढत, तो नवऱ्यासाठी काढायचा नाही? दार लोटून त्यांनी जुनी भुकटी ताटात ओतली. तासभर घासलं. जोड कुठे आहे ते अंगठ्यालाही कळेना. मग कापडी चाकावर झळाळी दिली, नळाखाली धुतली आणि रुमालात बांधून घरी आणली. सव्वीस वर्षांतलं सगळ्यात देखणं काम, असं त्यांना वाटलं. खरंच होतं तसं.

इंजेक्शन झालं. चौथ्या दिवशी यजमान म्हणाले, "हिरडीला थोडं लागतंय गं." सहाव्या दिवशी हुडहुडी भरली. मंगळवारी त्यांना रुग्णालयात हलवलं तेव्हा ताप एकशेचारवर होता आणि श्वास हुक्क्यातल्या पाण्यासारखा गुडगुडत होता. मुलगी बॅग घेऊन धावत आली.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी दोघींना बाजूला घेतलं. "औषधाला ताप दाद देत नाहीये. कोणता जंतू आहे ते कळलं तर नेमकं औषध देता येईल, पण रक्ताच्या तपासणीला वेळ लागतोय. नीट आठवा. गेल्या दोन आठवड्यांत ओली माती, साचलेलं पाणी, कुंड्या, असं काही? तोंडात काही नवीन गेलं?"

"छे हो," मुलगीच बोलली. "आई तर हवासुद्धा गाळून आत घेते."

बाईंना कळलं. अंदाज नव्हे, शंका नव्हे, लख्ख कळलं. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. डॉक्टर क्षणभर थांबले, मग दुसऱ्या खाटेकडे वळले.

का बोलल्या नाहीत? आपण लांबून विचारणं सोपं आहे. सांगितलं असतं तर मुलीसमोर, मालकांसमोर, त्या डिप्लोमावालीसमोर सव्वीस वर्षांचं मातेरं झालं असतं. नवऱ्याला जपता जपता आपणच, हे शब्द मनातसुद्धा पुरे होईनात. मग मन वकिली करू लागलं. ताप उद्या उतरेलही. तपासणीत कळेलच. एका दिवसाने काय बिघडतंय?

दुपारी, कपडे आणते असं सांगून त्या लॅबमध्ये गेल्या. जेवणाची सुट्टी होती, खोल्या रिकाम्या. त्यांनी डबा ओढला, झाकण काढलं. लवंगेच्या वासाखालून तो दुसरा वास आला. आज पहिल्यांदाच त्यांनी तो वास पुरता आत घेतला आणि नाक दाबून मान फिरवली. डबा मोरीपाशी नेला, तिरपा केला. ओतवेना. आणि कशासाठी ओतवेना ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं. पुरावा राहावा म्हणून नव्हे. इतकी मुरलेली भुकटी पुन्हा व्हायला वीस वर्षं लागतील, हा विचार त्यांच्या मनात आला. नवरा तिकडे श्वासाला महाग झालेला आणि हा विचार! त्यांना स्वतःची भीती वाटली. झाकण लावून त्यांनी डबा जागच्या जागी ठेवला आणि घरून कपडे घेऊन रुग्णालयात परतल्या.

गुरुवारी सकाळी यजमानांचे ओठ निळे पडले होते. तेव्हा मात्र बाई अनवाणी धावल्या. डॉक्टरांची बाही धरून एका दमात सांगून टाकलं. कवळी, भुकटी, डबा, सगळं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बदललं. लॅबला फोन गेला आणि डिप्लोमावाली हातमोजे घालून स्वतः डबा घेऊन आली. डबा देऊन ती लगेच माघारी वळली. तिने एखादा टोमणा मारला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"आई!" मुलीने त्यांना मिठी मारली. "बरं झालं तुला आठवलं. किती गं विचार करत असशील रात्रभर!"

बाईंनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

शुक्रवारी ताप थोडा खाली आला. यजमानांनी डोळे उघडले, बोटाने बायकोला जवळ बोलावलं. "पॉलिशबाई, माझे दात कुठेत? हे लोक बोळक्याला बघून हसतात गं."

"तपासायला नेलेत."

"काय तपासायचंय त्यात? खडीसाखरेसारखी गुळगुळीत केलीस." एवढं बोलूनच ते दमले.

शनिवारी तपासणीचा निकाल आला. रक्तात आणि डब्यात एकच जंतू. रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला यजमान गेले.

डॉक्टर भले माणूस होते. कागदांवर सह्या झाल्यावर ते बाईंजवळ येऊन बसले. "नवं औषध लागू पडत होतं. अशा आजारात एकेक दिवस मोलाचा असतो, आपल्याला थोडा उशीर झाला. पण तुम्ही मन घट्ट करून सांगितलंत. त्यामुळे त्या लॅबमधून कवळ्या नेलेल्या इतर लोकांना तरी सावध करता येईल. तुम्ही दोष लावून घेऊ नका." बाईंनी हात जोडले. मालक निकाल आल्यापासून एकेका दवाखान्याला फोन करत होते आणि त्यांचा आवाज बसला होता.

घरी माणसं येत राहिली. मुलगी प्रत्येकाला तेच सांगे. आईने बाबांचं किती केलं. शेवटी आईलाच कसं आठवलं, नाहीतर काय झालं ते कळलंही नसतं. रुसलेली नणंदही आली आणि वहिनीच्या गळ्यात पडून रडली. बाई ऐकून घेत. आठव्या दिवशी डिप्लोमावाली आली, तिलाही मुलीने तेच ऐकवलं. डिप्लोमावालीने बाईंकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि "येते मी" म्हणून उठली.

दार लागलं. मुलगी कप गोळा करत होती.

"मला आठवलं वगैरे काही नव्हतं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"विसरलेच नव्हते. डॉक्टरांनी विचारलं ना, तेव्हाच माहीत होतं मला. बुधवारी."

"बुधवारी? मग सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

मुलीने हातातले कप खाली ठेवले. बाईंना वाटलं, ती ओरडेल, बोलेल, निदान रडेल. त्यांना ते हवं होतं. मुलगी तशीच उठून आतल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने कपाटातून आपले कपडे काढून बॅगेत भरायला लागली.