ट्रेवरच्या पेटीवर थुंकायचं नाही

ट्रेवर गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी रॉडनी आला. ट्रेवरची बहीण ग्लेनिस हिच्या स्वयंपाकघरात बसला, चहात बिस्किट बुडवलं आणि म्हणाला, "सगळ्यांना कळवलंय मी. शंभरेक जण येतील. रांगेनं शवपेटीपाशी जायचं आणि एकेकानं थुंकायचं. जुन्या दिवसांसारखं."

"माझ्या भावाच्या पेटीवर थुंकणार?"

"अगं, प्रेम आहे ते! तुला नाही कळायचं, ग्लेन. तू कुठे कधी आलीस आमच्या कार्यक्रमाला?"

नव्हती गेली ती. पण कपडे कोणी धुतले?

हे लंडनजवळच्या क्रॉयडनचं, शहात्तर सालचं. ट्रेवर वीस वर्षांचा. रॉडनीचा बाप नळाची कामं करायचा, त्याच्या गोदामात बँड काढायला तिघं जमले. धड वाजवता कोणालाच येत नव्हतं, आणि तेव्हाच्या पंक संगीतात म्हणे तेच पाहिजे होतं. नाव ठेवलं ब्लॉक्ड सिंक. तुंबलेली मोरी! रॉडनी गायचा आणि स्वतःला स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सडायचा रोग, म्हणवून घ्यायचा. ट्रेवर बास गिटार वाजवायचा. आणि ऐकायला यायची ती माणसं टाळ्या वाजवायची नाहीत, थुंकायची. जितकं आवडलं तितकं जास्त. खाकरून खाकरून, घशातलं काढून. रॉडनी उड्या मारायचा, चुकवायचा. ट्रेवरला उडी मारून वाजवता यायचं नाही. तो आपला मान खाली घालून, तोंड उघडं टाकून स्वतःची बोटं बघत उभा. सगळं त्याच्या अंगावर. केसांत, पापण्यांवर, तोंडात.

सकाळी ग्लेनिस त्याचा शर्ट काठीनं उचलायची. गार पाण्यातच टाकायचा, मीठ घालून. गरम पाणी घातलं की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं थिजतं आणि मग निघता निघत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिला आपोआप कळलं. कॉलर धुताना ती श्वास धरायची.

"ट्रेव्ह, सोड रे बाबा हे."

"रेकॉर्ड निघू दे गं एकदा. मग लोक नीट वागतील."

असं म्हणायचा आणि न्हाणीघरात जाऊन साबणानं दात घासायचा. साबणानं!

रेकॉर्ड करायच्या आठवड्यातच त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ. सहा आठवडे इस्पितळात. डॉक्टर म्हणाला, कशानं झाली सांगता येत नाही. ग्लेनिसला येत होतं सांगता. रॉडनी एकदाच आला. खाटेपर्यंतसुद्धा नाही, दारातच उभा, आपल्याला रोग लागेल म्हणून नाकाला रुमाल लावून. म्हणाला, दुसरा घेतलाय. रेकॉर्डवर त्या दुसऱ्याचं नाव. तीन वर्षांत सगळं मोडलं, पण रॉडनी अजून त्याच्यावरच जेवतो. टीव्हीवर सांगतो, आम्ही असे होतो न् तसे होतो.

ट्रेवरनं चाळीस वर्षं दुकानात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम कापलं. त्याचा कप वेगळा, चमचा वेगळा. वाढदिवसाला कोणी केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या की त्या केकला हात लावायचा नाही. रस्त्यात कोणी खाकरलं तर पलीकडच्या बाजूला जायचा. पोरं हसायची, काका वेडा आहे म्हणायची. वेडा नव्हता हो.

हे थांबवा म्हणून सांगायला ग्लेनिस अंत्यविधीवाल्याकडे गेली. तो मान तिरकी करून म्हणाला, "बाईसाहेब, आम्ही वरून प्लास्टिक टाकू. नंतर स्वच्छ पुसून घेऊ."

"तुमच्या आईच्या पेटीवर टाकाल का हो प्लास्टिक?"

त्यानं प्लास्टिकचं नाव पुन्हा काढलं नाही. पण थांबवतो असंही म्हणाला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी आले सगळे. सत्तरीचे म्हातारे, पोटं सुटलेली, टकलावरचे चार केस हिरवे केलेले, एकाच्या हातात काठी. चामडी जाकिटांना कुबट वास. रॉडनीनं भाषण केलं, त्यात ट्रेवर थोडा आणि रॉडनीच जास्त. मग म्हणाला, "चला मंडळी, तयार!" आणि दहनगृहातल्या त्या प्रार्थनेच्या जागेत शंभर घसे खाकरले.

ती उठली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"माझ्या भावाला तुमच्या थुंकीची किळस यायची," ती म्हणाली. "तेव्हाही यायची. मरेपर्यंत यायची. त्यानं कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याला प्रेम म्हणत होता. ज्याला थुंकायचंय त्यानं माझ्या तोंडावर थुंकावं. तुमची बहीण असेल माझ्या वयाची, नाहीतर बायको. थुंका."

कोणाला बोलता येईना, तोंडं भरलेली. रॉडनीनं डोळ्यानं खूण केली, हो बाजूला. ती हलली नाही. मग पहिल्या रांगेतला काठीवाला खाली बघायला लागला आणि त्याचा गळा हलला. त्याच्या शेजारच्याचा हलला. मग मागच्यांचा. गिळलं सगळ्यांनी, एकामागून एक, आणि तिला ते सगळं बघावं लागलं. रॉडनीनं मात्र बाहेर जाऊन कुंडीत टाकलं.

पेटी कोरडी आत गेली.

नंतर दारात काठीवाला रडत रडत तिच्याजवळ आला. "सत्त्याहत्तर साली मी पुढेच असायचो, ताई. आम्हाला खरंच वाटायचं, त्याला आवडतंय."

त्यानं हात पुढे केला. त्याच हातानं त्यानं आत्ताच तोंड पुसलेलं तिनं बघितलं होतं. तिनं आपले हात कोटाच्या खिशातच ठेवले.