भीतीची हजेरी

घाबरेसाहेब चालू पंख्याखाली कधी बसले नाहीत. भर मे महिन्यात, नगरच्या एमआयडीसीतले पत्रे तापून तडतडत असताना, कॅन्टीनमध्ये आम्ही पंख्याखालच्या बाकासाठी कुस्त्या खेळायचो आणि हे गृहस्थ दूर कोपऱ्यात, एक डोळा छताकडे ठेवून भात कालवायचे. "तो हूक कोणी बसवलाय, माहितीये?" ते विचारत. माहीत कुणाला असणार? "मग बसा खुशाल," म्हणत. त्यानंतर पंख्याखाली बसलेल्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

'घाबरे' हे नाव आम्हीच ठेवलेलं, खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतं होतं. ते आमचे सेफ्टी ऑफिसर आणि मी प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा कापणाऱ्या विभागाचा, सुपरवायझर. वय तिशीचं, मिशीला पीळ, आणि जगात आपण कशाला भीत नाही याची स्वतःच जाहिरात करत फिरणारा. असा एक नमुना प्रत्येक कारखान्यात असतो. आमच्याकडे मी होतो.

सकाळी पाळी सुरू होण्याआधी साहेब वही घेऊन शॉपच्या दारात उभे राहत. नाव विचारत नसत. "आज कशाची भीती वाटते?" एवढंच विचारत. कुणी सांगे, फरशीवर तेल सांडलंय. कुणी सांगे, क्रेनची साखळी कुरकुरतेय. "कशाचीच नाही" म्हणणाऱ्याला ते बाजूला उभं करत. "थांबा जरा, आठवेल." मी रोज एक थाप मारायचो. एकदा म्हणालो, "सासूबाई येणार आहेत राहायला." त्यांनी तेही लिहून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "किती दिवस?" शॉप खदखदून हसलं.

त्याच हजेरीत एका सकाळी गोरख बोलला. पारनेरच्या बाजूनं मोटरसायकलवर येणारा, चार नंबरच्या प्रेसवरचा अबोल कामगार. "साहेब, ही डबल मारती."

पेडल दाबलं की प्रेसचा ठोकळा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. कापलेला पत्रा काढायला माणूस तेव्हा हात घालतो. पेडल न दाबता ठोकळा पुन्हा खाली आला, तर त्याला आम्ही 'डबल मारली' म्हणायचो.

"रोज मारते?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. कवातरी. पन आता हात घालाया लई भ्या वाटतंय."

"अरे गोरख," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "प्रेस आहे ती, बायको नाही!" सगळे हसले. गोरख हसला नाही. तो आपली बोटं बघत राहिला.

साहेबांनी प्रेस बंद ठेवायला लावली आणि तीन जाणकार आले. इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकांनी सकाळच्या गारव्यात ठोकळा सोडणारा-थांबवणारा क्लच उघडला, प्रेस रिकामी चालवून पाहिली, आणि लिहिलं : यंत्र निर्दोष. कंपनीच्या डॉक्टरांनी गोरखचं बीपी, शुगर, डोळे तपासले : प्रकृती उत्तम, झोप कमी. मानसशास्त्राच्या मॅडम त्याच्याशी तासभर बोलल्या. त्यांचा अहवाल सगळ्यांत सुंदर होता : गोरख नुकताच बाप झाला आहे, जबाबदारीच्या ताणातून त्याची भीती यंत्रावर जाऊन बसली आहे. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. 'प्रेस चालू करण्यास हरकत नाही, उद्यापासून गोरखच चालवेल' अशा कागदावर मी झोकात सही ठोकली.

साहेबांनी तिन्ही अहवाल दोनदा वाचले. "तिन्ही खरे आहेत," ते म्हणाले. "सरांनी माणसाशिवाय मशीन पाहिलं. डॉक्टरांनी मशीनशिवाय माणूस पाहिला. मॅडमनी घर पाहिलं. काम कुणी पाहिलं?"

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"काम करायचं. उद्या गोरखच्या जागी मी बसतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच बसले. हातात लांब चिमटा. हा चिमटा गोरखलाही मिळायला हवा होता. पण चिमट्यानं नग कमी निघतात, म्हणून मीच तो कपाटात टाकून दिला होता. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाय असा थरथरत होता की पेडल खुळखुळत होतं.

"साहेब, उठा तुमी. मी बसतो. तुमाला न्हाई जमायचं," गोरख काकुळतीला आला.

"जमायचं नाहीच. तुम्ही फक्त मेन स्विचपाशी उभे राहा."

पहिला तासभर मी लोकांना डोळे मिचकावत होतो. मग ते थांबलं. प्रत्येक ठोक्याला साहेब डोळे मिटत, पुन्हा उघडत, चिमटा आत घालत. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रेस तव्यासारखी तापली. साहेबांच्या शर्टाला कोरडा धागा उरला नव्हता. त्यांनी पेडलवरून पाय काढला, चिमटा आत घातला. ठोकळा वर गेला होता. आणि मग, कुणी काही न करता, तो खाली आला.

चिमट्याचं तोंड पापडासारखं चपटं झालं. साहेबांची मूठ त्यापासून वीतभर अलीकडे होती. गोरखनं स्विच खाली ओढला. मी त्या चपट्या चिमट्याकडे बघत होतो. मला एकच दिसत होतं : माझ्या सहीप्रमाणे सगळं झालं असतं, तर तिथे चिमटा नसता.

क्लचची स्प्रिंग तापल्यावर ढिली पडत होती. प्राध्यापक पुन्हा आले, गरम क्लच उघडून बघितला आणि सरळ म्हणाले, "मी गार असताना पाहिलं. चुकलो." मोठा माणूस. मला हे म्हणायला कितीतरी आठवडे लागले. म्हणालो तेव्हा गोरखनं एवढंच सांगितलं, "जाऊ द्या साहेब. हायेत अजून धाच्या धा बोटं."

पुढे साहेब निवृत्त झाले. शाल-नारळ झाला, भाषणं झाली. मग ते शॉपच्या दारात उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात हातात घेऊ लागले. लोकांना वाटलं, निरोप घेताहेत. त्यांचे ओठ हलत होते. ते बोटं मोजत होते. गोरखची त्यांनी दोनदा मोजली.

शेवटी मी उरलो. त्यांचे तळवे घामानं ओले होते. "दहा," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही मोजायची."

मला नाही म्हणायचं होतं. मान मात्र होकारार्थी हलली. ते रिक्षात बसून सावेडीकडे, घरी गेले. मी आत वळलो. दुसरी पाळी सुरू झाली होती, सगळ्या प्रेस धडधडत होत्या, आणि प्रत्येकीपुढे कुणाचे ना कुणाचे दोन हात होते.