गाडीतला चौथा

गाडीची किल्ली फिरवायच्या आधी आमचा गोरा शेजारी मागं वळायचा आणि विचारायचा, "नंबर फोर?"

मागच्या सीटवरून माझी बायको कोटाच्या खिशातली सुपारी काढून दाखवायची. मगच गाडी सुटायची.

तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही, ही तिच्या माहेरची समजूत. तुमच्याही घरात कुणीतरी मानत असेल. तिघं असले की खिशात सुपारी घालायची, म्हणजे झाले चार. मी चिडायचो, "स्कॉटलंडात कसली सुपारी घेऊन बसलीस?" पण तिनं त्या गोऱ्याला मोडक्या इंग्रजीत एकदा समजावलं आणि तो हसला नाही. एकदा ती सुपारी विसरली तर गल्लीच्या टोकावरून गाडी वळवून आणली त्यानं.

तो आणि मी एकाच लोकरीच्या गिरणीत होतो. मी रंगाच्या खात्यात, तो लॉरीवर. दोन हजार सालाच्या सुमाराला गिरणी बंद पडली, पण तो समोरच राहायचा. नंतर बायकोला कॅन्सर निघाला आणि इलाज एडिनबराला, दोन तास लांब. आमच्या गावाला ट्रेन नाही, बसमध्ये तिला उलट्या व्हायच्या. कुणाला विचारावं, या काळजीत मी होतो. विचारावंच लागलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी हा दारात गाडी लावून उभा. ती त्याला भावजी म्हणायची. तो "येस" म्हणायचा.

रस्ताभर त्याचं मेंढ्यांचं पुराण. "त्या काळ्या तोंडाच्या बघ. महाहट्टी! मेल्या तरी डोंगर सोडत नाहीत."

मी मराठीत म्हणालो, "इथं आपला जीव टांगलाय आणि ह्याला मेंढरं सुचतायत."

"अहो, बोलू द्या भावजींना. तेवढंच हॉस्पिटल डोक्यातून जातं."

परतताना तिला मळमळायचं. न सांगताच तो एका पुलापाशी थांबायचा. तिचं होईपर्यंत आमच्याकडं पाठ करून टायरला लाथा मारत राहायचा, जणू टायर तपासायलाच थांबलाय.

शेवटी ती हॉस्पिटलातच गेली. येताना गाडीत आम्ही दोघं. त्यानं नंबर फोर विचारलं नाही. मेंढ्याही नाहीत. घरी आल्यावर तिच्या कोटातली सुपारी मी तिच्या पानाच्या डब्यात टाकली आणि डबा कपाटात वर ठेवून दिला.

त्या गाडीत मी परत बसलो नाही. बाजाराला जाताना तो दर आठवड्याला हॉर्न द्यायचा. मी खिडकीतून हात हलवायचो, नको. मला ती मागची सीट बघवत नव्हती, एवढंच. पण हे त्याला सांगितलं कुणी? तरी पुढच्या आठवड्यात हॉर्न वाजायचाच.

मग वाजायचा थांबला. त्याची मुलगी दारात आली. "उद्या डॅडचं ऑपरेशन आहे, एडिनबराला. मी आणि माझा नवरा नेतोय. तुम्हाला सांग म्हणाले."

सकाळी पडद्याआडून पाहिलं. मुलगी, जावई आणि तो. पार वाळला होता. तिघंच. मी असलं काही मानत नाही. तरी उठलो, डबा खाली काढला. उघडला तर काताचा, लवंगेचा, तिचा वास आला. तिथंच बसलो. सुपारी मुठीत धरून अनवाणी बाहेर आलो तेव्हा रस्ता रिकामा होता.

ऑपरेशन चालू असतानाच तो गेला. गाडी परत आली, त्यातून दोघंच उतरले.

हृदय कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेल.

मातीच्या दिवशी मुलीनं माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "निघताना डॅड गाडी सुरू करू देईनात. म्हणाले, थांबा जरा, नंबर फोर येतोय. थांबलो आम्ही थोडा वेळ."

मी खिशातली सुपारी काढून तिला दाखवणार होतो. दाखवली नाही. मी जाऊन बसलो असतो, तर सुपारी लागलीच नसती.