दीड तासावरची दुबई

मुंबईहून दुबई विमानानं दीड तास, म्हणजे सोलापूरहून पुण्यापेक्षाही जवळ, असं मी एका माणसाला ठाण्यात बसवून ठणकावलं होतं. तो तपास मी केव्हाच विसरलो असतो, पण जुने सहकारी विसरू देत नाहीत. म्हणून आता मीच लिहितो.

सोलापुरात सात रस्ता चौकात संध्याकाळी सातच्या सुमारास चुलतभावानं लोखंडी गजानं डोकं फोडलं, अशी दुधनीच्या एकाची फिर्याद. हा चुलतभाऊ दुबईत क्रेन चालवायचा. खबऱ्यानं बातमी दिली, "साहेब, त्याच दिवशी तो दुबईहून आलाय." उचलून आणला. झडतीत रविवारचं परतीचं तिकीट निघालं: मुंबईहून नऊला निघून साडेदहाला दुबई. मी तिथंच वजाबाकी केली. येताना, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, दुबईहून सकाळी दहाला उडालेला माणूस साडेअकराला मुंबईत, तिथून मोटारीनं सातच्या आत सोलापुरात. गुन्हा उघड!

"तीन तास लागतेत, सायेब," तो म्हणाला. "तिकडलं घड्याळ मागं असतंय की."

"मागं असतं तर दुरुस्त का करत नाहीत?" मी गरजलो. हवालदारांनी माना डोलावल्या. साहेबाच्या मोठ्या आवाजाला आमच्याकडे पुरावा लागत नाही.

दिवेलागणीला टेबलावरचा त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉलवर दुबईचा मुकादम, चेहऱ्यासकट. रविवारी निघाला नाहीस तर नोकरी गेली, म्हणत होता. पठ्ठ्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला.

"ह्याच्या मागं बघा. ऊन हाय का न्हाय? आता तुमच्या खिडकीत बघा."

खिडकीत अंधार होता. मी दोन्हीकडे आलटून पालटून पाहिलं. सूर्य काही माझ्या बाजूनं साक्ष देईना.

विमानतळावर चौकशी केली. त्या दिवशी तो बाहेर पडला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सातला सात रस्ता गाठायचा तर त्याला आणखी एक विमान लागलं असतं! फिर्यादीला परत बोलावलं, चहा पाजला आणि गप्प बसलो. ओरडणाऱ्या पोलिसापेक्षा गप्प बसलेल्याला माणसं जास्त भितात. "मोटारसायकलवरून पडलो होतो," तो अखेर म्हणाला. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणाचा राग भावाच्या नोकरीवर काढायचा होता.

वरिष्ठ म्हणाले, "पुराव्याअभावी सोडला, असं लिहा. आपली चूक कशाला कागदावर?"

मी तसं लिहिलं. दुबईवाला सही करेना.

"म्हंजे केलं असंल, पर घावलं न्हाय, असंच ना? फिर्याद खोटी हाय म्हणून लिवा. न्हायतर बसतो हितंच. नोकरी गेली तर गेली."

रविवार तोंडावर आलेला, आणि हा मांडी घालून बसलेला. मग मीही हट्टाला पेटलो. कागद फाडला आणि लिहिलं: फिर्याद खोटी, प्रवासाच्या वेळेचा हिशोब तपासी अधिकाऱ्याचाच चुकला. वरिष्ठांनी खुलासा मागवला, दिला. पुन्हा मागवला, तोच पुन्हा दिला. आजही तोच देईन. पुराव्याअभावी सुटलेला माणूस गावाच्या तोंडातून कधीच सुटत नाही, एवढं मी त्या मांडी घातलेल्या माणसाकडून शिकलो.

शनिवारी त्याला म्हटलं, "चल, जीपनं स्टेशनवर सोडतो. गाडीला भरपूर वेळ आहे."

तो एकदम पिशवी उचलून पळायलाच लागला.

"तुमी भरपूर येळ हाय म्हंताय म्हंजे उशीर झाला असणार, सायेब!"