मिठाची बरणी आणि न पाठवलेलं पत्र

ईशान, मीरा,

डोंबिवली सोडली त्या सकाळी मी अठ्ठावीस खोकी मोजून टेम्पोत चढवली. प्रत्येकावर नंबर आणि आतल्या वस्तूंची यादी. टेम्पोवाला म्हणाला, "आजी, तुम्ही पोस्टात होता का?" शेजारच्या सुलभाताई जिन्यात रडत होत्या. मीही रडले, पण यादी हातातून सोडली नाही. चाळीस वर्षांचं घर सोडून निघाले होते कुठे, तर ठाण्यात बाळकुमला, तुमच्या आत्याच्या इमारतीत! तुम्ही तर समुद्रापलीकडे गेलात. तरी खरं सांगते, मला माझं अंतर कमी वाटलं नाही.

दोन दिवसांत घर लावून झालं. बाराव्या मजल्यावर सगळं जागच्या जागी, आणि आत्या सोडली तर ओळखीचं कोणी नाही. माझी आई सांगायची, "नव्या जागी आधी चार घरी जाऊन ये, मग सामान लाव." मी नेमकं उलट केलं होतं.

म्हणूनच एक काम मिळालं तेव्हा हरखले. एका संशोधक मुलीला इथल्या मिठागरांत राबलेल्या बायकांच्या आठवणी लिहून हव्या होत्या. मी बेचाळीस प्रश्न टाइप केले, फाइल घेतली आणि बाळकुमच्या जुन्या गावातल्या, मिठागरात राबलेल्या काशीबाईंकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे. आता मुलाची तीन मजली इमारत.

"रोज किती तास काम असायचं?" मी विचारलं.

"घड्याल कोनाकडं व्हता?" म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही लावला. दुसऱ्या खेपेला सूनच दारात आली. "मावशी, त्या फाइलला कंटाळतात हो आई."

घरी येऊन मी त्या मुलीला पत्र लिहिलं: हे काम परत करते, इथलीच कोणीतरी शोधा, मी इथली नाही. शेवटचे तीन शब्द फार टोचले. पत्र सोमवारी पाठवायचं ठरवलं.

पण न सांगता जाणं बंद करणं माझ्या शिस्तीत बसेना. रविवारी निरोप घ्यायला गेले, फाइल घरी ठेवून. ती दिसली नाही म्हणून असेल, काशीबाईंनी कपाटातून बरणी काढली. त्यांच्या मिठागरातलं शेवटचं मीठ! मी उत्साहाने तळहात पुढे केला.

"हातावं नाय देत गो बाय! भांडान लागंल आपलं."

मी कपाळावर हात मारला. माझी आईसुद्धा मिठाची वाटी कधी हातात देत नसे, खाली ठेवायची. तसं सांगितल्यावर त्या खुदकन हसल्या. "आय शानी व्हती तुजी. मंग तू कशी अशी?"

मीठ बशीत आलं, मागोमाग चहा. मग मिठाने चिरलेले पाय, डोक्यावरच्या पाट्या, मुकादमाची केलेली नक्कल. सून आणि मी हसून हसून बेजार. मी एकही प्रश्न विचारला नाही.

पत्र पाठवलं नाही. काम माझ्याकडेच आहे आणि बुधवार काशीबाईंचा.

फोनवर तुम्ही विचारता, करमतं का? डोंबिवलीचा तो जिना अजून आठवतो. पण आपल्याशी भांडण होऊ नये म्हणून कोणी मीठ बशीत ठेवतं, त्या गावाला परकं कसं म्हणू? तुम्ही आलात की तुम्हालाही नेईन. फक्त हात पुढे करू नका.

तुमची आजी