गुडघ्यांवरची गोधडी

गोधडीसाठी ट्रंकेतून सासूबाईंचं विरलेलं लुगडं काढलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी बदनापूरच्या एका दुपारी जाऊन पोचले.

पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्याच्यासाठी हौसेनं आणलेली बाबागाडी माळ्यावर चढली होती. दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, तरी घरात बाळासाठी कुणी एक टाका घालत नव्हतं. जन्माआधी काही शिवायचं नाही, हा सासूबाईंचाच दंडक.

त्या दुपारी मात्र दाराआड बसून त्या हातभर गोधडीला धावदोरा घालत होत्या. मला पाहून दचकल्याच.

"कोणासाठी, आत्याबाई?"

"माझ्यासाठीच. गुडघे लई दुखून राह्यलेत, त्यावर घ्यायला."

मला रागच आला. माझं काय चाललंय, आणि यांना गुडघे सुचतात! तेवढ्याशा गोधडीत एक गुडघाही धड झाकला नसता, हे माझ्या ध्यानात आलं ते लेकीला त्याच गोधडीवर बाबागाडीत निजवलं तेव्हा.

आता त्या लेकीला सातवा लागलाय. काल ती अचानक दारात येऊन उभी राहिली.

"आई, कोणासाठी शिवतेस गं?"

मी मान वर न करता म्हटलं, "माझ्यासाठीच. गुडघे लई दुखून राह्यलेत."